मधे म्हैस न घेता

मामा, आज मधे कुणाला न घेता बोलते आहे. पटलं नाही तर तिकडं तोंड फिरवून बसा, तुमची ती सवय मला काही नवी नाही.

काल तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव उतरला, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली. घर गप्प झालंय. तुम्ही असताना फार गजबज होती असंही नाही म्हणा. तुम्ही सासरे, मी सून, आणि आपल्या घरची रीत अशी की सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेनं तर नाहीच नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं असलं तर मधे माणूस पाहिजे. सासूबाई, माझ्या आत्याबाई, होत्या तोवर मधलं माणूस त्या. तुम्ही ओसरीवरून त्यांना म्हणायचे, "आष्टीवालीला सांग, चहात साखर कमी टाक म्हणावं." माझं माहेर आष्टी, म्हणून मी आष्टीवाली. मी तिथंच चुलीपाशी बसलेली असायची, सगळं ऐकलेलं असायचं. तरी आत्याबाई वळून मला पुन्हा सांगायच्या, आणि वर पदरचे चार शब्द घालायच्या ते वेगळेच.

त्या गेल्या आणि आपली पंचाईत झाली. हे दिवसभर साखर कारखान्यावर. घरात तुम्ही, मी, आणि दारात बांधलेली आत्याबाईंची लाडकी म्हैस, चंद्री. दोन-चार दिवस आपण नुसतं खाकरून काम भागवलं. मग एक दिवस तुम्ही ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिलात आणि म्हशीकडं बघून म्हणालात, "चंद्रे, तिला सांग, सांच्याला पाव्हणे यायलेत, दोन भाकरी जास्त टाक म्हणावं." मी पदरात तोंड घालून इतकी हसले की तव्यावरची भाकरी करपली. पण उत्तर तर दिलं पाहिजे. मग मीही चंद्रीलाच म्हणाले, "भाकरी टाकते म्हण. भाजीला काय करू, इचार त्यांना." चंद्री रवंथ करत राहिली आणि आपलं घर चालू लागलं.

अंगणवाडीत मी गावातल्या पोरांशी आणि त्यांच्या आयांशी बोलून बोलून घसा बसवून घेते. कुणाचं बाळ पीत नाही, कुणाच्या अंगावरून जातंय, सगळं माझ्यापाशी मोकळं होतं. आणि घरी आले की माझा सगळा संसार म्हशीच्या कानात. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, हे असलं कुठं असतं का! असतं की. आपल्याकडं होतं.

म्हणून तर तुमचं दुखणं तुम्ही लपवू शकलात. मधे म्हैस असल्यावर माणूस किती सांगणार?

पण धोतर कुठं लपवणार होतात, मामा? जन्मात ज्या माणसानं स्वतःचा तांब्या उचलून ठेवला नाही, तो पहाटे उठून हौदावर स्वतःचं धोतर धुऊन राह्यला. मी उठायच्या आत दोरीवर टाकलेलं. मला वाटलं, आत्याबाईंच्या आठवणीनं काहीतरी मनात घेतलं असंल. मग पाहिलं, गोठ्यामागं जाता आणि लवकर येत नाही. घनसावंगीला जायचं तर माणसं कोंबलेल्या वडाप जीपमधे बसायला नको म्हणायला लागलात. "चंद्रे, सांग म्हणावं, माझं काही काम न्हाई बाजारात." बाजारात काम नाही? तुम्हाला? बाजाराच्या दिवशी अंघोळ करून टोपी घालून सगळ्यांच्या आधी रस्त्याला उभा राहणारा माणूस तुम्ही. मी त्याच सांजेला यांना सांगितलं आणि यांनी तुम्हाला जालन्याला नेलं.

प्रोस्टेट म्हणाले. लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते म्हणे पुरुषांना, ती म्हातारपणी वाढते. गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी गुण आला. धोतर कोरडं राह्यला लागलं, तुम्ही पुन्हा बाजाराला निघालात. पण रक्ताचा तपास ठीक नव्हता. मग संभाजीनगरला नेलं, सुईनं तुकडे काढून तपासले, आणि त्यात ते निघालं. कॅन्सर. एका बाजूला, एका जागी, बाहेर पसरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब म्हणा. ग्रंथी काढून टाकू, नाहीतर किरणांचा शेक देऊ.

तुम्ही एकच विचारलं होतं म्हणे, "धोतर वलं होईल का?"

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, काहींना होतो तो त्रास, काही महिने, कुणाला कायमचा. सांगता येत नाही. तुम्ही उठलात, टोपी घातली आणि म्हणालात, "मंग राह्यलं." झालं. यांनी समजावलं, जावई येऊन समजावून गेले, तुम्ही खांबासारखे बसलेले. मला घरात राग आवरत नव्हता. "चंद्रे, इचार मामांना, जीव मोठा का धोतर मोठं?" तुम्ही चंद्रीच्या पाठीवर हात फिरवत म्हणालात, "तिला सांग, चार माणसात बसताना वास यायला लागला का माणूस आधीच मेलेला असतो." मी आत जाऊन कणीक मळली, मळली आणि तशीच ठेवली.

मग त्याच डॉक्टरांनी यांना फोन करून हैद्राबादचं सांगितलं. तिथं एक नवीन रीत आली होती. चिरफाड नाही, शेक नाही. गाठीच्या भोवती बारीक सुया घालायच्या आणि त्यांच्यामधून विजेचे झटके द्यायचे. गाठ एका जागी असली तरच चालतं, सगळ्यांना चालत नाही. आणि ते हेही म्हणाले की अजून फार वर्षांचा अनुभव नाही, जन्मभर तपासत राहावं लागंल. पण लघवीचा ताबा राहायची आशा जास्त.

नेमका यांचा पाय तेव्हा मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. जावयांची नोकरी नवी. राहिली कोण? आष्टीवाली. तुम्ही तपासून तरी घ्यायला तयार झालात ते यांचा रडवेला चेहरा बघून, हे मला माहीत आहे. जालन्याहून गाडीत बसलो. सगळा प्रवास तुम्ही खिडकीशी बोलत होतात. "परभणी आलं वाटतं." "भूक लागली असंल तर डबा उघडावा म्हणावं." शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, बाबांना दिसत नाही का हो?

तिथल्या डॉक्टरीणबाई मराठी जाणणाऱ्या होत्या, हे आपलं नशीब. त्या तुम्हाला विचारायच्या आणि तुम्ही भिंतीवरच्या पंख्याला उत्तर द्यायचे, का तर शेजारी मी बसलेली आणि विषय असला. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "यांना विसरायला होतं का? कुणाशी बोलतात ते?" मी त्यांना आपल्या घरची रीत सांगितली. म्हैससुद्धा सांगितली. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "मग मी म्हैस होते," म्हणाल्या, "चला."

पण विजेचं नाव निघालं आणि तुम्ही पांढरे पडलात. का ते त्या बाईंना कळलं नाही, मला कळलं. आपला सर्जा बैल. शेजारच्या बाबुरावकाकांनी उसात रानडुकरं येतात म्हणून लाइटीच्या खांबावरून सरळ करंट घेऊन तार लावली होती आणि सर्जा तिला चिकटला. तुमच्या डोळ्यांदेखत. बाबुरावकाकांशी तुम्ही तेव्हापासून बोलत नव्हतात, आणि तिथं तर मधे म्हैसही नव्हती. आपल्या उसाला तुम्ही मग झटका मशीन आणली, ती बॅटरीवरची, टक् टक् करत थोडा थोडा झटका देते ती. डुक्कर शिवलं का पळतं, मरत नाही.

तुम्ही पंख्याला म्हणालात, "करंट अंगात घ्यायचा न्हाई. बिलकुल न्हाई. चला घरी म्हणावं."

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. यांचा रडवेला चेहरा डोळ्यापुढं आला असंल. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून मी तुमच्याकडं बघितलं, सरळ तुमच्या तोंडाकडं. "मामा," मी म्हणाले, "हा बाबुरावकाकांचा करंट न्हाई. ही तुमची झटका मशीन हाय. एक झटका, की बंद. एक झटका, की बंद. तार उसाला न्हाई, तेवढ्या गाठीला."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. मग पंख्याला विचारलंत, "झटका मशीननं डुक्कर मरत न्हाई. मंग गाठ कशी मरंल?"

डॉक्टरीणबाई पुढं सरकल्या. असला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. हा झटका आपल्या मशीनपेक्षा जोराचा, पण पापणी लवायच्या कितीतरी आत संपणारा. शरीराच्या बारीक बारीक पेशी असतात, त्यांच्या सालीला तो भोकं पाडतो. चाळणी झाली की पेशी परत भरून येत नाही, मरून जाते. तिथं भाजत नाही, म्हणून शेजारच्या रक्ताच्या नळ्या, नसा बऱ्याच वाचतात. तुम्ही झोपेत असणार, अंग उडू नये म्हणून औषध देणार. आणि झटके हृदयाचा ठोका बघून द्यायचे, दोन ठोक्यांच्या मधल्या सवडीत, म्हणजे हृदयाला त्रास नाही.

ते सवडीचं तुम्हाला फार आवडलं. "सवड बघून मारतंय म्हणावं," तुम्ही पंख्याला म्हणालात. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग बराबर हाय."

तुम्हाला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसले होते. नामस्मरण करावं म्हटलं तर तेही सुचेना. कानात आपली झटका मशीनच वाजत होती. टक्. टक्. टक्. मी तिच्याच तालावर म्हणत राहिले, कोरडं राहू दे, कोरडं राहू दे. देवाला तरी कळलं असंल का मी काय मागतेय?

पुढचे दिवस तुम्हाला कसे गेले हे मला माहीत आहे, कारण ते मलाही तसेच गेले. नळी आणि पिशवी. पिशवी रिकामी करायला मी. तुम्ही भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून पडलेले, जणू मला दिसत नसाल तर मी तिथं नाहीच. सिस्टर तिथलीच, दख्खनी बोलणारी. तिच्याशी तुमचं जुनं निजामाच्या काळचं ऐकलेलं हिंदी छान जमायचं. "उनकू बोलो," तुम्ही तिला म्हणालात, "बाहर जाव. मेरे कू शरम आती."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शरम काहे की, बाबा? बेटीच है ना तुम्हारी."

"बहू है."

"तो बेटीच हुई ना!"

त्यानंतर मी पिशवी घ्यायला आले की तुम्ही डोळे मिटायचे नाहीत. छताकडं बघायचे. मामा, मला तेवढंसुद्धा खूप होतं.

नळी निघाली. आपण लॉजवर आलो. नळी काढल्यावर काय होईल ते बघावं लागेल, असं त्यांनी सांगितलेलंच होतं, आणि आपण दोघंही ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. सकाळी तुम्ही अंघोळीच्या खोलीत गेलात आणि बाहेर यायचं नाव नाही. मी दाराबाहेर उभी. हाक मारायची तर कशी मारायची, आणि कुणाला मारायची? मग कडी निघाली. तुम्ही दारात उभे राहिलात. खोलीत सिस्टर नव्हती, डॉक्टरीण नव्हती, भिंतीवर पंखासुद्धा नव्हता. तुम्ही माझ्याकडं बघितलं.

"कोरडं हाय," तुम्ही म्हणालात.

"व्हय मामा," मी म्हणाले, आणि डोळे पुसायला पदर खाली ओढला तर तो डोक्यावरून पडला, आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत.

मला वाटलं, झालं, सुटली ती रीत. कुठलं काय! आपण घरी आलो, वेशीपाशी जीपमधून उतरलो, आणि तुम्ही ओसरीवर पाय ठेवता ठेवता म्हणालात, "चंद्रे, तिला सांग, आधी पाणी दे म्हणावं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही सोडलं नाही. "चंद्रे, इचार त्यांना, हैद्राबादला बोलता येतं, मंग गावात काय जीभ लुळी पडती का?"

तुम्ही टोपी खुंटीला अडकवली. "तिला सांग," म्हणालात, "तिथं म्हैस नव्हती."

हे ऐकून यांना प्लास्टरमधल्या पायानिशी हसता हसता ठसका लागला. हा वाद आपण पुढं कितीदा घातला, आणि तो अर्धाच राहिला. तुमचं म्हणणं, रीत आहे. माझं म्हणणं, रीत कुणासाठी? अजून मला माझंच बरोबर वाटतं. तुम्ही असतात तर आजही भांडले असते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावरच्या दगडावर तुमचं धोतर होतं. न धुतलेलं. घडी घालून ठेवलेलं, माझ्या कपड्यांच्या शेजारी. मी चंद्रीकडं बघितलं, तुमच्याकडं नाही. मामा, खरं सांगू? तुम्ही मला नावानं हाक मारली असती तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

गावात मात्र बोंब झाली होती. झटके द्यायला नेलं म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वडापच्या जीपमधे बाबुरावकाका इतक्या वर्षांनी आपणहून तुमच्यापाशी सरकले आणि कानात ओरडले म्हणे, "वळखलं का मला? मी बाबुराव!" तुम्ही म्हणालात, "तुला इसरायला मला दुसरा जल्म घ्यावा लागंल." तिथून तुमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते झालंच. आणि तुम्ही त्यांना उसात नेऊन, कुंपणाला गवताची काडी लावायला देऊन सगळं समजावलंत. कुठं दुखत होतं, कशी सुई, कसा झटका, धोतराचंसुद्धा. ज्या माणसानं सुनेपासून लपवलं त्यानं शेजाऱ्याला सगळं उघडं करून सांगितलं. बाबुरावकाकांनी मग स्वतःचं रक्त तपासून घेतलं. त्यांना गोळ्यांवर भागलं. काल तुमच्या तेराव्याच्या पंगतीत ते वाढत होते, आणि मधेच वाढणं खाली ठेवून गोठ्यामागं जाऊन रडले. मी पाहिलं.

काडी लावायला तुम्ही मलाही शिकवलंत, म्हणजे चंद्रीला. "तिला सांग, तारंला हात लावायचा न्हाई. वल्ली काडी घ्यायची. आधी लांबून टेकवायची, मंग हळूहळू पुढं सरकवायची. हाताला मुंगी चावल्यावानी झालं का मशीन चालू हाय." मशीन लावायला तुम्ही रोज दिवस मावळताना जायचे. कुंपणापाशी काडी धरून दुसरा हात छातीवर ठेवायचे, आणि दोन्हीचा ठोका जुळतो का बघायचे. मला हसू यायचं.

पुढं तपासाला आपण वरचेवर गेलो. दर वेळी रक्ताचा कागद हातात येईपर्यंत माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही आपले सिस्टरला विचारून राह्यले, चाय मिलती क्या. कागद दर वेळी बरा आला. गाठ पुन्हा उठली नाही. ती उद्या उठली असती का, हे मला माहीत नाही, आणि आता विचारायचं कारणही उरलं नाही. कारण तुम्हाला न्यायला आलं ते दुसरंच. कडुलिंबाखाली बाजेवर दुपारी जेवून पडलात आणि छातीतला ठोका थांबला. चंद्री एकसारखी ओरडायला लागली म्हणून मी बाहेर आले. तिनं मला हाक मारली म्हणायची. ते तिचं कामच होतं.

लोक मला म्हणतात, बाई, तू म्हाताऱ्याचं खूप केलंस. पण तुम्ही काय केलंत हे मी त्यांना कसं सांगू? तुम्ही ती वर्षं ताठ मानेनं बाजार केलात, चार माणसांत बसलात, आणि रोज सकाळी दगडावर धोतर ठेवून मला सांगत राहिलात की आता तुझ्यापासून लपवायचं काही नाही. लेकीला सांगावं तसं. देवानं मागितलेलं दिलं, आणि तुम्ही ते मला रोज दाखवलंत. मी त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. चंद्रीमार्फतही नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमचं धोतर धुऊन दोरीवर टाकलं होतं. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे नदीवर गेले, बाया आत बसल्या, आणि सांजेला मला एकदम दोरी दिसली. ते मी काढून आणलं आणि कपाटात ठेवून दिलं.

आज दिवस मावळताना उसाकडं गेले. मशीन लावली, वल्ली काडी घेतली, लांबून टेकवली, हळूहळू पुढं सरकवली. हाताला मुंगी चावली. तिथं उभं राहून तुम्हाला थेट सांगावं म्हटलं, मामा म्हणून तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. इतक्या वर्षांची सवय. घरी आले. चंद्री दारात उभी होती, कान टवकारून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चंद्रे," म्हणाले, "मामांना सांग, मशीन चालू केली म्हणावं. धोतर घडी करून ठिवलंय. कोरडं हाय."